तळहातावरचं तेल

बाबांच्या उजव्या तर्जनीला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला होता आणि डाव्या हाताच्या पाठीवर सलाईनची सुई पट्टीने चिकटवलेली होती. फादर आत आले, तेव्हा आयसीयूत भेटीची वेळ संपत आली होती. त्यांनी खिशातून अंगठ्याएवढी धातूची डबी काढली. तिचं झाकण फिरकीचं होतं आणि आत कापसाचा बोळा तेलात बुडवून दाबून बसवलेला होता. तेल सांडू नये म्हणून असा कापूस ठेवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी आधी बाबांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग अंगठा त्या कापसावर दाबून बाबांच्या कपाळावर क्रूस काढला. मी चिमट्याची वायर बाजूला धरली. फादरनी बाबांचा उजवा हात उलटा केला, मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि तळहातावर तेल लावलं. मग डावा. त्या पिवळट दिव्याखाली दोन्ही तळहात चमकत होते.

फादर गेल्यावर दोनच मिनिटांत सिस्टर आल्या. रक्ताचा नमुना घ्यायचा होता. हात चिकट लागला म्हणून त्यांनी ओल्या बोळ्याने तळहात, बोटं, मनगट सगळं स्वच्छ पुसून काढलं. घाम आलेला दिसला म्हणून कपाळावरूनही हात फिरवला. त्यांचं काम त्यांनी नीट आणि मायेनं केलं. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं आणि तशीच मागे सरले. काय सांगणार होते? 'थांबा, तिथे संस्कार आहे' असं? बोळा कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात पडला. स्पिरिटचा वास आला आणि गेला.

ते तेल पुसलं गेलं, ही गोष्ट मला कित्येक महिने सोडेना.

त्याचं एक कारण माझ्यापाशीच होतं. फादरना बोलवायला मी चार दिवस उशीर केला होता. बाबा पहिल्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होते, बोलत होते. तेव्हाच बोलवता आलं असतं. पण फादरना पाहून बाबा घाबरतील, त्यांना वाटेल की आता संपलं, अशी भीती मला वाटली. आजीच्या वेळी घरात कुजबुज झालेली मला आठवत होती. 'फादर आले' म्हणताच बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. त्या पिढीसाठी हा अंत्याभ्यंगच होता, म्हणजे अगदी शेवटचं तेल. नाव बदलून आता अर्धं शतक उलटलं आहे. कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितलं होतं की ह्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं अधिक बरोबर आहे, आणि माणूस अखेरच्या घटका मोजू लागेपर्यंत थांबू नये. पोप सहावे पॉल ह्यांनी 1972 मध्ये विधी नव्याने लावून दिला. धोक्याचा आजार झाला, मोठी शस्त्रक्रिया व्हायची आहे, म्हातारपणाने शरीर खचलं, एवढं पुरेसं असतं. आजार उलटला किंवा वाढला तर पुन्हाही घेता येतो. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही मी थांबले. माहीत असणं वेगळं आणि आयसीयूच्या दारात उभं राहून फोन लावणं वेगळं.

त्या विधीतले शब्द खरं तर मरणाचे नाहीतच. प्रभूने पवित्र आत्म्याच्या कृपेने तुला साहाय्य करावं, पापांतून सोडवावं, तारावं आणि उठवावं, अशी मागणी आहे. 'उठवावं' हा शब्द बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातून आलेला. तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील. खाटेवरून उठवील की कबरीतून, हे त्या शब्दाने मोकळं सोडलं आहे. मी तेव्हा खाटेवरून एवढंच ऐकलं होतं. आजारी माणसाजवळ उभं असताना दुसरं काय ऐकू येणार?

घरी आल्यावर मी त्या विधीविषयी जे मिळेल ते वाचायला लागले. चिंता असली की मी वाचत सुटते. जुन्या लॅटिन विधीत कपाळ आणि हात एवढ्यावर भागत नसे. डोळे, कान, नाकपुड्या, ओठ, हात, पाय, प्रत्येकाला तेल लावत आणि त्या त्या इंद्रियाने जे काही चुकलं असेल त्याची क्षमा मागत. पाहण्यातलं चुकलेलं, ऐकण्यातलं, बोलण्यातलं, चालून गेलेल्या वाटांमधलं. अख्खं आयुष्य शरीराच्या दारादारांतून मोजत गेल्यासारखं. आजारी माणूस स्वतः धर्मगुरू असेल तर तेल तळहातावर न लावता हाताच्या पाठीवर लावत, कारण तळहात गुरुदीक्षेच्या दिवशीच अभिषिक्त झालेले. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. पन्नास वर्षांपूर्वी लावलेलं तेल अजून तिथे आहे, असं धरून त्या हाताला उलटं करायचं!

आणि त्याच पानावर पुढे आणखी एक ओळ होती. प्रत्येक ठिकाणी तेल लावून झालं की ती जागा नव्या कापसाने पुसायची. पुसण्याचं काम धर्मगुरूचं किंवा दीक्षा घेतलेल्या त्याच्या साहाय्यकाचं. तो कापूस स्वच्छ भांड्यात जमा करायचा, चर्चमध्ये नेऊन जाळायचा आणि राख पवित्र गोष्टींसाठी राखलेल्या मोरीतून थेट मातीत सोडायची.

म्हणजे पुसणं विधीतच होतं.

ती ओळ वाचून मला रडू आलं. दिलासा होता, पण पुरता नव्हता. जाळलेल्या कापसाची राख मातीत जाणं आणि बोळा पिवळ्या डब्यात पडणं, ह्या दोन गोष्टी एक नाहीत. तरी एवढं कळलं की तेल तिथे राहावं अशी चर्चची अपेक्षा कधीच नव्हती. मग मनात एकेक संस्कार तपासत गेले, तर सगळीकडे हेच. स्नानसंस्काराचं, म्हणजे बाप्तिस्म्याचं, पाणी बाळाच्या डोक्यावरून ओघळतं आणि आई लगेच टॉवेलने टिपून घेते. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, जिभेवर विरघळतो. पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तेव्हा तो टाळूला चिकटला होता. दात लागू द्यायचे नाहीत अशी ताकीद होती, म्हणून मी गुडघ्यांवर बसून जिभेच्या टोकाने तो हळूहळू सोडवत होते आणि सोडवता सोडवता तो नाहीसा झाला. चर्चची शिकवण अशी की भाकरीचं रूप टिकतं तोवर त्या रूपातली ख्रिस्ताची उपस्थिती टिकते. म्हणजे काही मिनिटं. पापक्षमेचे शब्द तर उच्चारले की हवेत विरले. विवाहात तेवढी अंगठी मागे उरते, पण संस्कार अंगठीत नसतो. तो त्या दोघांनी एकमेकांना दिलेल्या शब्दात असतो, आणि लॅटिन परंपरेत तो संस्कार देणारेही तेच दोघे; धर्मगुरू चर्चच्या वतीने तो शब्द घेतो. चर्चच्या सातही संस्कारांत टिकाऊ वस्तू अशी हाताला लागत नाही. दगड नाही, धातू नाही. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हाताचा स्पर्श आणि आवाज.

जरा जास्त टिकतो तो फक्त वास. पवित्र गुरुवारच्या सुमारास बिशप आपल्या धर्मगुरूंसह तीन तेलं सिद्ध करतात. त्यातल्या अभिषेकाच्या तेलात, म्हणजे क्रिझ्ममध्ये, सुगंधी बाल्सम मिसळतात. बहिणीच्या मुलीचा स्नानसंस्कार झाला तेव्हा तिच्या टाळूला तो वास दोन दिवस होता. आम्ही सगळे पाळीपाळीने तिचं डोकं हुंगत होतो. तिसऱ्या दिवशी आंघोळीनंतर साबणाचा वास आला आणि सगळ्यांनाच थोडं चुकल्यासारखं वाटलं. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराच्या, वेळी बिशप तेच तेल कपाळाला लावतात. माझ्या दृढीकरणातलं मला काहीही आठवत नाही, ना वाचन ना प्रवचन, पण तो वास कुठेही आला की मी बारा वर्षांची होते.

तेर्तुलियन नावाचा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा एक ख्रिस्ती लेखक होऊन गेला, साधारण अठराशे वर्षांपूर्वी. त्याने म्हटलं आहे की तारणाची बिजागरी म्हणजे देह. देह धुतला जातो तेव्हा आत्मा निर्मळ होतो, देहाला तेल लागतं तेव्हा आत्मा पवित्र होतो, देह खातो तेव्हा आत्म्याचं पोषण होतं. दार फिरतं ते बिजागरीवर. मला ही उपमा फार आवडते, कारण बिजागरीकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि ती गंजली की दार हलत नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे चर्चची दारं खरोखरच बंद झाली, तेव्हा ती उपमा मला पहिल्यांदा बोचली. 27 मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, संत पेत्राच्या रिकाम्या चौकात एकटे उभे होते, ते आम्ही घरात पडद्यावर पाहिलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली ती उपासना, पडद्यावर पाहता येत होती, पण ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हातावर येत नाही. फोनवरून पापनिवेदन चालत नाही. आजाऱ्याला दुरून तेल लावता येत नाही. गंभीर कारण असेल तर हाताऐवजी साधन वापरण्याची मुभा नियमांत आहे, म्हणून काही ठिकाणी धर्मगुरूंनी काडीला कापूस लावून अभ्यंग केला. पण तेवढं तरी टेकावंच लागतं. तेव्हा मला ह्या हट्टाचा राग आला होता. देव सगळीकडे आहे म्हणता, मग तो तारेतून येत नाही का? आज राग तेवढा नाही, पण प्रश्न पुरता गेलेला नाही. एकटे मेलेले लोक आठवले की अजून घसा दाटतो.

शब्दांच्या काटेकोरपणाचंही तसंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की 'मी तुला स्नानसंस्कार देतो' ऐवजी 'आम्ही तुला स्नानसंस्कार देतो' असं म्हटलं असेल तर तो संस्कार झालाच नाही. अमेरिकेतल्या एका तरुण धर्मगुरूने ते वाचून स्वतःच्या लहानपणीच्या सोहळ्याचं चित्रीकरण पाहिलं आणि त्यात 'आम्ही' ऐकू आलं. म्हणजे त्याचा स्नानसंस्कार नाही, मग दृढीकरण नाही, मग गुरुदीक्षाही नाही. त्याने थोड्याच दिवसांत सगळं पहिल्यापासून घेतलं. एका सर्वनामाने एवढं मोठं आयुष्य ढासळावं, हे मला क्रूर वाटलं. पण हेच चर्च देणाऱ्या माणसाच्या बाबतीत किती सैल आहे! रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला तेव्हा, 303 नंतरच्या काळात, काही बिशपांनी भिऊन पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले होते. अशा भेकडांनी दिलेले संस्कार खोटे, असं उत्तर आफ्रिकेतला एक मोठा गट शंभर वर्षं म्हणत राहिला. तिथलेच बिशप संत ऑगस्टिन त्यांच्याशी भांडले. त्यांचं म्हणणं असं की प्रेषित पेत्र बाप्तिस्मा देवो की विश्वासघातकी यहूदा, देणारा ख्रिस्तच. पाणी वाहणारा पाट दगडाचा असला तरी बाग भिजते. चर्चने ऑगस्टिनचं ऐकलं. म्हणून माझ्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मला संस्कार दिले त्यांच्या पात्रतेचा हिशोब मला ठेवावा लागत नाही. त्यातले काही थकलेले होते, एक तर उघड चिडलेले होते.

ह्या सैलपणाचं टोक मात्र मला बाबांच्या आजारपणानंतरच उमगलं. स्नानसंस्कार गरजेच्या वेळी कोणीही देऊ शकतं. खरंच कोणीही. ज्याचा स्वतःचा स्नानसंस्कार झालेला नाही, जो ख्रिस्ताला मानतही नाही, तोसुद्धा. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा, पाणी हवं आणि ते शब्द हवेत. अपुऱ्या दिवसांचं बाळ हाताशी आहे, आईबाप विनवताहेत, धर्मगुरू पोचायला वेळ आहे, अशा वेळी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन ते तीन वेळा बाळाच्या डोक्यावर ओतणारी नर्स जे देते ते पुरं असतं, पुन्हा द्यायचं नसतं. बाबांचे तळहात पुसणाऱ्या सिस्टरच्या हातांनाही हा अधिकार होता. त्यांचा धर्म कोणता, मी विचारलं नव्हतं. त्यांच्या हाताकडे मी त्या दिवशी चोराकडे पाहावं तसं पाहिलं होतं, ह्याची आता लाज वाटते.

ती लाज आणि ते चार दिवस घेऊन मी एका शनिवारी पापनिवेदनाला गेले. बऱ्याच वर्षांनी. लाकडी जाळीला तोंड लावून बसलं की प्रत्येकाचा आवाज बदलतो, माझाही बदलला. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं, हा नियम 1215 साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन परिषदेचा. आणि ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात ठेवावं, हेही तिथलंच. त्याआधीच्या शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त उघड असे, तेही जन्मात एकदाच. पुन्हा पुन्हा येऊन कानात सांगण्याची वाट आयर्लंडच्या मठवासींनी रुळवली. त्या आयरिश संन्याशांचे माझ्यावर उपकार आहेत. मी सांगितलं की बाबांना भीती वाटेल म्हणून नव्हे, मला भीती वाटली म्हणून मी थांबले. सांगेपर्यंत मलाही ते असं माहीत नव्हतं. जाळीपलीकडून फक्त 'हं' आलं. मग प्रायश्चित्त म्हणून 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना तीन वेळा. एवढंच? मला काहीतरी जड हवं होतं. मागच्या बाकावर बसून मी ती तीन वेळा म्हटली आणि दुसऱ्या वेळेला 'पित्या' ह्या शब्दापाशी अडकले. मग तिसऱ्यांदा म्हणायला बराच वेळ लागला.

स्नानसंस्काराची नोंदवही कोणी पाहिली आहे का? लग्नाच्या वेळी दाखला काढायला गेले तेव्हा मला ती पाहायला मिळाली होती. टेबलभर पसरणारी, कापडी पाठीची वही. माझ्यासाठी एक आडवी ओळ. नाव, जन्म, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, संस्कार देणाऱ्याची सही. त्या ओळीच्या समासात नंतर दृढीकरणाची नोंद होते, विवाहाची होते, गुरुदीक्षा झाली तर तिची. माणूस कुठेही गेला तरी त्याची खबर त्या मूळ ओळीपाशी परत येते. आपल्याला स्वतःचा स्नानसंस्कार आठवत नाही. तो झाला हे आपण दुसऱ्यांच्या तोंडून आणि त्या ओळीतून मानतो. पण त्या समासात पापनिवेदनाची नोंद नसते, ती असूच शकत नाही. आणि आजाऱ्याला तेल लावल्याचीही नसते. बाबांच्या ओळीपुढे त्या दिवसाचं काही लिहिलेलं नाही.

बाबा त्या आजारातून उठले. अकराव्या दिवशी घरी आले. महिन्याभराने खिडकीपाशी बसले असताना एकदम म्हणाले, "फादर आले होते का गं तिथे?" त्यांना काहीच आठवत नव्हतं, आयसीयूचे सहा दिवस पुसले गेले होते. मी सांगितलं. डबी, कापूस, बोटं कशी एकेक करून उघडली. तुम्ही घाबराल म्हणून मी उशिरा बोलवलं, हेही सांगितलं. "मी कशाला घाबरेन?" ते म्हणाले, आणि उजवा तळहात डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. मी सिस्टरचं सांगितलं नाही.

त्यानंतर ते दहा महिने होते. दुसऱ्या वेळी सगळं एका रात्रीत झालं आणि मी प्रवासात होते. धाकट्या बहिणीने मात्र वेळ दवडला नाही. पहाटे चारला फादर घरी आले. बाबांनी तेल घेतलं, आणि ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहानसा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. मरणाच्या वाटेवरच्या ह्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ प्रवासाला बरोबर दिलेलं अन्न असा होतो. आपल्याकडे त्याला शिदोरी हा नेमका शब्द आहे.

मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि मी तिला एकेक विचारत सुटले. डबी कसली होती, बाबा शुद्धीवर होते का, दोन्ही हातांना लावलं का. तिने सगळं न कंटाळता सांगितलं. शेवटी मी विचारलं, "आणि मग पुसलं कोणी?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी हात धरून बसले होते ना. माझ्याच हाताला लागलं ते सगळं."